विषारी म्हटलेला हमदानी लसूणघास

नाव सैफुल्ला नौरोझी, वय ७१, धंदा शेती, शिक्षण चौथीपर्यंत, राहणार चश्मे-कबूद, अलवंद डोंगराच्या पायथ्याशी, हमदान.

मी समक्ष हजर होऊन सांगतो की, जबाबाचे बोलावणे मंगळवारी आले आणि मी आज येत आहे, याची माफी असावी. गव्हाला पाण्याची पाळी होती. ती चुकवली तर पुन्हा लवकर येत नाही.

माझा लसूणघास अस्सल हमदानी आहे. बी वडिलांचे. जवात पातळ पेरायचा. जवाच्या सावलीत तो मुळे खोल सोडतो, म्हणून बर्फाखाली मरत नाही. एकदा पेरला की सात वर्षे बघावे लागत नाही. पान रुंद, काडी बारीक. कापताना चार बोटे बुडखा ठेवावा. कुठे कुठे जांभळे फूल दिसू लागले की कापायचा आणि कोमेजल्यावरच जनावरापुढे टाकायचा. कोवळा, दवाने ओला घास उपाशी गाईने खाल्ला तर पोट फुगते. आमच्याकडे हे सर्वांना ठाऊक आहे.

भाचा बहराम इतकी वर्षे तेहरानात टॅक्सी चालवत होता. यंदा परतून त्याने गाय घेतली. रविवारी पहाटे ती माझ्या घासात पोट फुगून पडलेली दिसली. मी तिच्या तोंडात आडवी काठी बांधली, तेल पाजले. ती वाचली नाही.

लोक जमले. बहराम म्हणाला, "मामा, तुम्ही विष मारलंत यावर!"

मी मूठभर घास उपटून सर्वांसमोर चावून खाल्ला.

माझी बहीण गोलनेसा ओरडली, "दादा, थुंक आधी! तुझंही पोट फुगेल!" मग मुलाकडे वळली. "आणि काय रे, दावं काय गाईनं सोडलं? अंधारात हाकत नेलीस तेव्हा काय म्हणालास? मामाचा घास गावात एक नंबर, दूध दुप्पट होईल!"



जनावरांच्या डॉक्टरांनी घास तपासायला नेला आहे. तोवर कापणी बंद ठेवायला सांगितले आहे. फूल आले आहे. आणखी थांबलो तर काडी लाकूड होईल, पान गळेल. माझ्या बांधावरून जाताना लोक शेळ्यांची तोंडे धरतात. ते मला बघवत नाही.

बहरामवर चोरीची तक्रार मला द्यायची नाही. तो बहिणीचा मुलगा आहे, आणि त्याची पारख चुकलेली नाही. विष हा शब्द मात्र त्याने जिथे उच्चारला तिथेच, सर्वांदेखत, मागे घ्यावा.

जबाब मला मोठ्याने वाचून दाखवला. ‘चारा’ लिहिले होते तिथे मी ‘हमदानी लसूणघास’ करून घेतले. आता तो मी सांगितल्याप्रमाणे बरोबर आहे. अहवाल येताच निरोप धाडावा, उशीर करू नये.