कासू यादीत येईपर्यंत

(पेण, १९९६. सॅम्युएलचं टायपिंगचं दुकान. पाटीवर खाली बारीक अक्षरात : 'कॉम्प्युटरवर पत्रिका जुळवून मिळतील. शनिवारी बंद.')

ठमाबाई : दीड वरस झालं भाऊ! आज मी या डब्यासमोरून उठणार नाय. सांगून ठेवते.

सॅम्युएल : उठू नका ठमाबाई, पण टोपली जरा लांब ठेवा. सुक्या जवळ्याचा वास कीबोर्डात शिरला की महिनाभर जात नाय. आणि ऐका तरी. फ्लॉपी आली!

ठमाबाई : कुठली? ती पुण्याची?

सॅम्युएल : तीच. पत्रिकेच्या प्रोग्रॅमचं नवं वर्जन. सकाळी रजिस्टरनं आलं. एकोणीस कार्डं टाकली मी कंपनीला. दर वेळी एकच उत्तर, 'दिवाळीपर्यंत नक्की.' कुठली दिवाळी ते लिहीत नव्हते.

ठमाबाई : आणि आमचं कासू घातलं का त्यात?

सॅम्युएल : आता कळेल. जुन्या यादीत पेण होतं, रोहा होतं, कासू नव्हतं. म्हणून तुमच्या चंद्रावतीचा जन्म मी पेणला लावला. गुण आले साडेसतरा.

ठमाबाई : आणि पोरीचं लगीन अर्ध्या गुणावर अडलं! पोराचा बाप, रोह्याचा हैबतराव म्हणतो, अठरा पायजेत, कासू लावून बघू, तोवर थांबू. थांबलो. आता शुक्रवारी वडखळचं दुसरं स्थळ येतंय. माझ्या घोवानं शब्द दिलाय त्यांना. चंद्रावती अशी रडते भाऊ, की मिठागराला समुद्राचं पाणी घ्यायला नको.

हैबतराव : नमस्कार मास्तर! फोन मिळाला. फर्स्ट शिफ्ट सुटली तशी स्कूटर इकडंच वळवली. ठमाबाई, तुम्ही आधीच?

ठमाबाई : मी सकाळच्या गाडीनं आले, बाजार उरकून इथं बसले. पोरगी माझी हाय ना.

हैबतराव : मुलगा माझा हाय. निलेशला पण घाईच हाय. पण घाईत काय होतं ते आम्ही कंपनीत बघितलंय.

ठमाबाई : गुरुजींनी बावीस गुण काढले व्हते तुमच्यासमोर!

हैबतराव : हातानं काढले. हातानं माणूस चुकतो. बावीस वर्षं धाटावला बॉयलरचा मीटर लिहितोय मी. अठरा म्हणजे अठरा. साडेसतराला वाफ सोडली तर साहेब मला सोडेल. काय मास्तर, तुमच्यात किती लागतात?

सॅम्युएल : आमच्यात गुण बघत नाहीत. मी मिरियमला बघितलं. तिनं माझ्याकडं बघितलं पण नाय. तरी लग्न झालं, एकतीस वर्षं झाली.

हैबतराव : ते नशीब. मी मीटरवर चालतो. आता एकच मीटर मला दगा देतोय, स्कूटरचा.

सॅम्युएल : बंद पडला?

हैबतराव : बंद नाय, जास्त पळतो. घर ते कंपनी जाऊन-येऊन दहा किलोमीटर. रोज रात्री रीडिंग लिहितो मी, ही बघा वही. आठवड्याचे सहा दिवस दहा, दहा, दहा. आणि निलेशच्या सुट्टीच्या दिवशी एकशे अठरा! मेकॅनिकला तीनदा दाखवला. म्हणतो, मीटर चोख हाय. पेट्रोल पण जास्त जातं. म्हटलं, गळत असेल.

ठमाबाई : भाऊ, ती फ्लापी घाला ना तुम्ही. लवकर घाला.

सॅम्युएल : घातली. हं, दहा टक्के. वीस.

हैबतराव : थांबा, लिहून घेतो.

ठमाबाई : टक्के पण लिवता?

हैबतराव : चढता काटा हाय, लिहायला नको? पुढं?

सॅम्युएल : शंभर. झालं! आता ऐका, चालू होताना हा पीं पीं करून आरती वाजवतो. त्याच्यासाठीच मी हा प्रोग्रॅम... अरे! वाजली नाय.

ठमाबाई : म्हणजे बिघडला?

सॅम्युएल : आरती काढून टाकली! त्याऐवजी निळा रंग दिलाय. निळा रंग कोणी मागितला होता? रोज सकाळी दुकान उघडलं की पहिली आरती ऐकायचो मी. मिरियम हसायची मला.

ठमाबाई : आरती मी म्हणते तुम्हाला. कासू बघा!

सॅम्युएल : बघतो. कर्जत, कल्याण... कासू! ठमाबाई, कासू आलं!

ठमाबाई : आलं गो बाय! दिल्लीला कळलं असेल आता, कासू म्हणून गाव हाय!

सॅम्युएल : चंद्रावती, जन्मगाव कासू. झालं. आता मुलगा निलेश, जन्मगाव रोहा. रत्नागिरी, राजापूर, लातूर.

हैबतराव : लातूरच्या आधी रोहा येतं मास्तर.

सॅम्युएल : यायला पाहिजे.

हैबतराव : मागं घ्या. हळू घ्या.

सॅम्युएल : रत्नागिरी. राजापूर. लातूर. हैबतराव, कासू आलं आणि रोहा गेलं.

हैबतराव : गेलं म्हणजे? तालुक्याचं गाव हाय! कारखाने हायत! जुनं लावा बघू.

सॅम्युएल : नवं आलं तसं जुनं पुसलं गेलं. आणि जुन्यात कासू कुठं होतं? निलेशला पेण लावू का?

हैबतराव : का म्हणून? पेण तुमच्या पोरीला चाललं नाय, माझ्या मुलाला का चालेल? कंपनी काय म्हणते?

सॅम्युएल : सोबत चिठ्ठी हाय. 'काही गावे पुढील वर्जनमध्ये. दिवाळीपर्यंत नक्की.'

ठमाबाई : आग लागो त्या दिवाळीला! हैबतराव, एक विचारते. तुमच्या कंपनीत मीटर बंद पडला तर काय करता? वरसभर कारखाना बंद?

हैबतराव : छे! त्याच लाइनीवर दुसरा मीटर असतो. तो बघतो.

ठमाबाई : मग काढा ती वही. बावीस वर्षं सगळे मीटर खरे, आणि तुमच्या स्कूटरचाच तेवढा खोटा व्हय?

हैबतराव : म्हणजे?

ठमाबाई : माझी चंद्रावती पेणच्या पलीकडं जोह्याला गणपतीच्या कारखान्यात मूर्तींचे डोळे आखते. सुट्टीच्या दिवशी तुमचा निलेश दुपारपासून तिथं उभा. तिचं काम सुटलं की तिला कासूला सोडतो, मग रोह्याला जातो. भर पावसात पण. माझा घोव एकदा काठी घेऊन गेला त्याला मारायला. संध्याकाळी बघते तर निलेशनं त्यालाच मागं बसवून आणलेला, काठीसकट.

हैबतराव : प्रत्येक सुट्टीला?

ठमाबाई : वही तुमची हाय. तुम्हीच बघा.

हैबतराव : एकशे अठरा. एकशे अठरा. इथं एकशे बावीस, नागोठण्याला पूर आला होता त्या दिवशी. मास्तर, दहा-दहा वजा करून बेरीज सांगा. कॉम्प्युटरवर करा.

सॅम्युएल : नको. मी हातानं करतो. अठ्ठ्याहत्तर सुट्ट्या. आठ हजार चारशेच्या वर जातात.

हैबतराव : आठ हजार चारशे. आणि मी मेकॅनिकला शिव्या घालत होतो.

ठमाबाई : अठरा पायजे व्हते तुम्हाला.

हैबतराव : एका शब्दानं बोलला नाय हो पोरगा मला. 'बाबा म्हणतात तर थांबू,' एवढंच म्हणायचा, नि चावी घेऊन जायचा. वाईट वाटतंय ठमाबाई. खरंच वाईट वाटतंय मला.

ठमाबाई : मग वडखळवाल्यांना काय सांगू?

हैबतराव : येऊ नका म्हणावं. पोरीचं ठरलं.

सॅम्युएल : आणि मी कंपनीला विसावं कार्ड टाकू ना? रोह्यासाठी?

हैबतराव : टाका. आरतीचं पण लिहा, तुम्हाला चुकल्या-चुकल्यासारखं होतं ते. चला विहीणबाई, स्कूटर बाहेर हाय. वाटेतच कासू, घरी सोडतो तुम्हाला.

ठमाबाई : या वयात मी स्कूटरवर? आणि टोपली?

हैबतराव : टोपली पुढं ठेवा माझ्या पायाशी. मागं नीट धरून बसा. बसलात? थांबा, रीडिंग लिहून घेतो.