गोमा तांडेलाचा दोर

ऐका. मध्येच पाणी प्यायला उठायचं नाही, मी थांबणार नाही.

आपल्या कोळीवाड्यात गोमा तांडेल होता. तांडेल म्हणजे होडीवर हुकूम ज्याचा, तो म्हणेल तिकडे सुकाणू. गोमा देवमासा मारायचा. भाल्याला दोर, दोराला होडी. मासा दमेपर्यंत होडी ओढत नेणार, दोन-दोन दिवस. मग त्याच्या काळजाचं तेल काढायचं नि होड्यांना चोपडायचं. लाकडाला कीड लागत नसे.

तर हा गोमा एका रात्री पलीकडच्या बंदरातून चालत निघाला. ओहोटीमुळे होडी आपल्या बंदरात घेता येईना, आणि सकाळी भाचीचं लग्न. बहीण मंजी, तिची एकुलती पोर. बाप नाही, मग मामा तरी हवा ना. लोक म्हणाले, डोंगराच्या वाटेने जा, पुळणीवरून नको, तिथे गिऱ्हा आहे. गिऱ्हा म्हणजे बुडून मेलेल्याचं भूत, पाणी सोडून लांब जात नाही. गोमा हसला. जन्म समुद्रावर गेलेला, तो वाळूला भिणार?

अर्ध्या पुळणीत दोराचं टोक पडलेलं दिसलं. तुम्ही-आम्ही ओलांडून गेलो असतो. पण तांडेलाला पडलेला दोर बघवत नाही. उचलला, नि चालता चालता हातावर गुंडाळायला लागला. गुंडाळतोय, गुंडाळतोय, दोर संपेना. मग ओला लागायला लागला. मग त्याला माशाच्या तेलाचा वास आला. मग कळलं, की आपण वाट सोडून पाण्याकडे चाललोय. हात सोडवायला गेला तर वेटोळी आवळली. आणि हिसका बसला, पलीकडून, समुद्रातून.

गुडघाभर पाणी. कमरेएवढं. छातीएवढं. समोर होडी, त्याचीच, जुनी. तिच्यावर कोयता घेऊन उभा होता चांगा. मंजीचा नवरा.

आता हे सांगायलाच हवं. अठरा वर्षांपूर्वी चांगा गोमाच्या होडीवर होता. भाला लागला, मासा पळाला, नि धावत्या दोरात चांगाचा पाय अडकला. काप, काप म्हणून ओरडत पाण्यात गेला. कोयता गोमाच्या हातात होता. त्याने कापला नाही. गावात येऊन सांगितलं, दोर कापला मी, पण उशीर झाला. नीच म्हणाल त्याला? माझ्या तोंडून येत नाही. सगळ्या हंगामात तो एकच मासा लागला होता.

"काप, चांगा," गोमा म्हणाला. पाणी हनुवटीला लागलं होतं.

"मासा जाईल, तांडेल."

गोमाचेच शब्द हे, त्या दिवशीचे. पाणी तोंडात शिरलं. त्याने मान उंच केली, उरलासुरला श्वास गोळा केला.

"जाऊ दे मासा. माणूस काढ."

दोर सैल पडला. बस, एवढंच. होडी नाही, चांगा नाही. गोमा रांगत वाळूवर आला नि तिथेच रडला.

पहाटे मांडवात पोचला तो ओलाचिंब, मनगट सोललेलं. मंजीला बाजूला घेतलं नि सगळं सांगितलं, अठरा वर्षांपूर्वीचंही. तिने ऐकून घेतलं.

"ठाऊक आहे मला, दादा. पहिल्या दिवसापासून. दोर कापला होतास, तर मासा कशाने ओढून आणलास? त्याचं तेल माझ्याही दारी पाठवलंस." मग म्हणाली, "जा, कपडे बदल. पोरीमागे उभा राहायला मामा लागतो."

उभा राहिला तो. शेवटची अक्षता पडेपर्यंत मान वर केली नाही, असं बघणारे सांगत.

तर रात्री ती पुळण नको. डोंगराची वाट लांब पडते, पडू दे. गोमाला निदान समोर कोण उभं आहे ते ओळखता आलं. तुमच्यासमोर कोण उभं राहील, ते तुमचं तुम्हालाच माहीत.