आवाजाची बंदूक

म्हसावदच्या एस.टी.त भिकुबाई मांडीवर पिशवी घेऊन बसली होती. पिशवीत आवाजाची नवी बंदूक; घरी एक होतीच, ही दुसरी. नळीत कार्बाइड आणि पाणी घालून बार उडवला की उसातला बिबट्या पळतो म्हणून घेतलेली. दुकानदाराने ती मागितल्या भावात देऊन टाकली, याचंच तिला अप्रूप वाटत होतं.

पुढच्या बाकावर एक अनोळखी शेतकरी दुसऱ्या एका दुकानदाराला विचारत होता,

"शेठ, बंदुका खपतीस का?"

"कसान्या खपतीस! पोयाना सनले रांग लागे. आते कोनी हातबी लावत नही. बिबट्या गया वाटस."

"गया नही. उसमाच शे."

"मंग?"

"पहिले बार उडना का पयी जाये. आते बार उडना का येस."

"काय सांगस भाऊ!"

"त्याले समजी गयं, जठे आवाज, तठे मानूस. आम्ही गावमा बठ्ठास्नी बार फोडनं बंद करी दिधं."

"बठ्ठास्नी?"

"नदीकाठनं एक घर ऱ्हायनं. निळा पत्रानं. नवा लोके शेतस. दिन बुडना का रोज फोडतस."

"तुम्ही सांगं नही त्यास्ले?"



"त्यास्नीबी बंद करं, तर मंग तो कोनाकडे जाई?"

बाहेर दिवस बुडाला होता. भिकुबाईने आपल्या निळ्या पत्र्याच्या घरी फोन लावला.

"अवो, आज बार फोडू नका!"

"आतेच एक फोडी दिधा ना," नवरा म्हणाला. "थांब जराशी. कुत्रा भुकी ऱ्हायंता, एकदम गप कसा व्हयना, मी देखी येस."