पुन्हा मोजलेला पाऊस

डोळे तपासायला आलेल्या शिक्षिकाबाई बाकावर बसल्या होत्या. शेजारच्या दोन म्हाताऱ्यांचं बोलणं आपसूक त्यांच्या कानावर पडत होतं.

“तुम्ही वर डोंगरात पाऊस मोजायचात ना?”

“तीस वर्षं. मोजायचा आणि नदीकाठच्या गावांना कळवायचं, हेच काम.”

“मग त्या पुराच्या दिवशी फोन उशिरा का आला हो?”

“एवढा पाऊस जन्मात पाहिला नव्हता. वाटलं, माझंच चुकलं. तेच पाणी परत ओतून तीनतीनदा मोजत बसलो. अर्धा तास गेला त्यात.”

“अर्ध्या तासात आमची ही टेकडीवर पोचली असती. पुलावरच गाठलं तिला पाण्यानं.”

“काय बोलू? तोंड दाखवायची लाज वाटते मला.”

“पुन्हा मोजल्यावर किती भरला?”

“तेवढाच.”