पंधरावी भाजी

आर्मेनियातल्या येरेवानच्या बाजारात, अझरबैजाननं काराबाख घेतल्यावर तिथून घरदार सोडून आलेली सिरवार्द आजी पालेभाज्या भरलेल्या रोट्या भाजत होती. रांगेत अनुशच्या पुढे दोघांची जुंपली होती.

“रशियन सैनिक रक्षणाला होते म्हणे! नुसते बघत राहिले.”

“अन् युरोपवाल्यांनी काय दिवे लावले?”

“आजी, तुम्हीच सांगा, घात कुणी केला?”

“रशियन शिपायानं माझ्या सहा रोट्या चापल्या. युरोपच्या साहेबानं फोटो काढला. आत पंधरा भाज्या असतात, हे एकानंही विचारलं नाही.”

“बापरे, पंधरा?” मागून अनुशनं विचारलं.

“इथे चौदाच. पंधरावी आमच्या गावच्या कड्यावरची.”

“मग तिच्याऐवजी पालक घाला की!”

“ऐवजी बिवजी काही नाही हं! चौदाचीच खा. तिची जागा मी राखून ठेवलीय.”