मगरीच्या नखातला मका

आजच्या समारंभाचे अध्यक्ष, प्राचार्य डॉ. शरदचंद्र औंढेकर सर, व्यासपीठावरील मान्यवर, प्राणिशास्त्र विभागातील गुरुजन, आमच्या गावाहून टेम्पो करून आलेली मंडळी, आणि जिथं जातील तिथं काही ना काही विचारत सुटणाऱ्या आपल्या डॉ. सौदामिनी कंधारकर मॅडम, सर्वांना माझा नमस्कार.

मी मन्मथ बिराजदार. मुखेड तालुक्यात माझी पोल्ट्री आहे. प्राध्यापकांच्या निरोपाला हा कोंबडीवाला कशाला उभा राहिला, असं कुणाच्या मनात आलं असेल. साहजिक आहे. पण मॅडमच्या एका कामात माझाही हात आहे. कसा, ते सांगण्यासाठीच मी वेळ मागून घेतला.

अडीच वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्या तलावातली मगर एरवी पार पलीकडच्या काठाला असायची. ती घाटाकडे येऊ लागली. मग कस्तुराबाईंची, त्या पहा दुसऱ्या रांगेत बसल्यात, त्यांची एक शेळी गेली. त्याच आठवड्यात त्या धुणं धूत असताना मगर चार हातांवर वर आली. गाव खवळलं. कुणी कुऱ्हाडी काढल्या, कुणी विहिरीचे सुरुंग आणायच्या गोष्टी केल्या. वनखात्यानं पिंजरा लावून तिला धरली म्हणून ती वाचली. तेवढ्यात नांदेडहून मॅडम आल्या आणि त्यांनी तिच्या नखाचा तुकडा मागितला. म्हणाल्या, तिनं काय खाल्लं ते नख सांगेल.

लोक हसले. मीही हसलो.

आता मी काही शिकलेला माणूस नाही, चुकलो तर सर सांभाळून घेतील. कार्बन म्हणे हलका असतो आणि थोडा जडही असतो. मका, ज्वारी यांत जड कार्बनचा वाटा जास्त, बाभळी-बोरीच्या पाल्यात कमी. जो जे खाईल, त्याची खूण त्याच्या अंगात उतरते, आणि त्याला जो खाईल त्याच्याही. नख मुळाकडून वाढतं, म्हणून टोकाला जुनं जेवण आणि मुळाशी नवं. आहे की नाही गंमत?

दोन महिन्यांनी मॅडम ग्रामसभेत अहवाल घेऊन आल्या. टोकाला तलावातले मासे होते. मुळाशी भलतंच काही. शेळी तर पाला खाते, तिची खूण अशी येत नाही. एखादी शेळी खाल्ली असेल तर ती यात दिसणारही नाही, हेही त्यांनी लपवलं नाही. पण मगर जे रोज खात होती, ते मक्यावर वाढलेलं होतं. डोळे चमकत होते त्यांचे. त्या सगळ्यांना विचारत होत्या, तलावात मका येतो कुठून?

मंडळी, त्या सभेत उत्तर एकट्या मला माहीत होतं. माझ्या मेलेल्या कोंबड्या मी पोत्यात भरून पहाटे घाटाजवळ तलावात टाकत होतो. खड्डा खणायचा कंटाळा, दुसरं काय? मी मान खाली घालून बसलो.

दुसऱ्या दिवशी मॅडम शेडवर आल्या. चहा घेतला, कोंबड्यांचं मक्याचं खाद्य पाहिलं आणि कोंबडीची दोन पिसं मागितली. कशाला, असं मी विचारलं. त्या म्हणाल्या, "मन्मथराव, कशाला ते तुम्हाला माहीत आहे. पिसं जुळली तरी सभेत तुमचं नाव मी घेणार नाही. ते तुम्ही घ्यायचं."

पिसं जुळली. पुढच्या सभेत मी उभा राहिलो आणि सगळं सांगितलं. आरडाओरडा झालाच नाही. तो झाला असता तर बरं झालं असतं. फक्त कस्तुराबाई म्हणाल्या, "माझ्या नातवाला घेऊन जात होते मी त्या घाटावर. ठाऊक हाय का न्हाई तुला?" मला ठाऊक होतं. त्या दिवसापासून त्या माझ्याशी बोलल्या नाहीत.

मेलेल्या कोंबड्या पुरायला मी चुन्याचा खड्डा खणला. घाटाला जाळी बसली. गावानं मगरीला परत तलावात सोडू दिलं, पण एका अटीवर: दोन वर्षांनी पुन्हा नख तपासायचं. ते गेल्या महिन्यात तपासलं. मॅडमचा फोन आला तेव्हा मी खाद्याची पोती उतरवत होतो. आधी नुसतं त्यांचं हसूच ऐकू आलं. मग म्हणाल्या, "मुळाशी मासे आहेत, मन्मथराव. नुसते मासे!"

पोतं तिथंच टाकून मी धावत सुटलो, तो थेट कस्तुराबाईंच्या दारात. धापा टाकत सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाल्या, "बस. चहा टाकते."

मॅडम, आम्ही सारे तुमचे ऋणी आहोत. सभागृहाचेही आभार, एका कोंबडीवाल्याचं इतका वेळ ऐकून घेतलंत. बोलण्याच्या भरात कुणाचा मान राखायचा राहिला असेल, शास्त्रात काही उलटसुलट झालं असेल, तर ती चूक माझ्या एकट्याच्या नावावर धरा. आता ती कबूल करायला मला कंटाळा येत नाही.