वीडाच्या पर्समधलं कार्ड

दवाखान्यात ग्लेंडा मासिकात डोकं घालून बसली होती, पण कान शेजारच्या दोन म्हाताऱ्या बायकांकडे होते. त्यांच्यातल्या व्हर्नेलला काउंटरवरून नुकतंच परत पाठवलं होतं.

"तेवीस वर्षं माझं हृदय याच डॉक्टरांनी सांभाळलं, वीडा. आणि ती पोरगी म्हणते, तुमच्या नव्या विमा योजनेत हे बसत नाहीत!"

"मग कोण बसतात?"

"जॅक्सनला आहे कुणीतरी, दोन तासांवर. तोही मार्चमध्ये बघणार."

"पण म्हातारपणाचा मेडिकेअर, गरिबांचा मेडिकेड, दोन्ही सरकारी विमे एकाच कार्डात, वर दरमहा वाणसामान फुकट. वाईट काय होतं त्यात?"

"त्या वाणसामानापायीच मी हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागले. चर्चच्या हॉलमध्ये त्या विम्याच्या एजंटाला आणलं कोणी?"

"आणलं मी, पण सही तू केलीस ना?"

"तू सांगितलंस म्हणून केली. पेनसुद्धा तुझंच होतं. नाताळला तुझ्याकडे एवढा मोठा हॅम कुठून आला, तेही मी विचारलं नाही."

"दिला त्या एजंटानं. मी काय मागायला गेले होते?"

"बरं, जाऊ दे. तूही हीच योजना घेतलीस ना, आता तुलाही ती पोरगी परत पाठवेल. जॅक्सनला दोघी मिळून जाऊ, तेवढीच सोबत."

तेवढ्यात आतलं दार उघडून नर्स डोकावली.

"मिस वीडा, या आत. डॉक्टर बोलावताहेत."

वीडा उठली आणि पर्स छातीशी धरून उभी राहिली.

"जा ना. पर्स ठेव इथंच. मी नाही उघडायची. आत कुठलं कार्ड आहे ते कळलं मला."